मिथेनॉल : कामाच्या ठिकाणचे धोके आणि संपर्कमर्यादा

मिथेनॉल (मिथिल अल्कोहोल) हा रंगहीन, झटकन उडून जाणारा विद्रावक, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणारा द्रव. औषध कारखान्यांतल्या रिअॅक्टरपासून थिनरच्या डब्यापर्यंत तो सगळीकडे असतो. महाराष्ट्राला त्याची ओळख आहे ती विषारी दारूमुळे. 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत त्याने शंभरावर बळी घेतले. कारखान्यात मात्र तो प्यावा लागत नाही. श्वासातून जातो, तसाच धडधाकट कातडीतूनही मुरतो.

यकृतात त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. हे आम्ल साठले की रक्ताची आम्लता वाढते आणि डोळ्यांच्या नसा निकामी होऊ लागतात. याला बहुधा 12 ते 24 तास लागतात, आणि फसगत होते ती इथेच. पाळी संपवून घरी गेलेला कामगार डोकेदुखी आणि मळमळ पित्तावर ढकलून झोपतो. उठतो तेव्हा डोळ्यांपुढे धुके असते. फोमेपिझोल हे औषध किंवा रुग्णालयात देखरेखीखाली दिलेले इथेनॉल (पिण्याच्या दारूतले अल्कोहोल) यकृतातले हे रूपांतर रोखते. विषबाधा तीव्र असेल तर डायलिसिस करावे लागते.

नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या दुसऱ्या अनुसूचीनुसार आठ तासांची सरासरी मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत 200 भाग (200 पीपीएम) होती, तर 15 मिनिटांसाठी 250. अमेरिकेतही आठ तासांची कायदेशीर मर्यादा 200 च आहे. इथेनॉलला तिथे 1000 चालतात. 6000 पीपीएमला जिवालाच तात्काळ धोका मानतात. 200 म्हणजे किती? दहा मीटर लांब-रुंद आणि तीन मीटर उंच बंद खोलीत साधारण 100 मिलिलिटर, म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासाएवढे मिथेनॉल उडाले, की मर्यादा गाठलीच. फरशीवर सांडलेले फडक्याने पुसून फडके कोपऱ्यात टाकले तरी एवढे होते. नाकावर विसंबू नये. वास येईपर्यंत मर्यादा ओलांडलेली असू शकते.

दक्षिण कोरियात 2015-16 मध्ये मोबाइलचे ॲल्युमिनियमचे सुटे भाग कापणाऱ्या छोट्या कारखान्यांत इथेनॉलऐवजी स्वस्त मिथेनॉल वापरले गेले. ठेकेदारामार्फत आलेल्या किमान सहा तरुण कामगारांची दृष्टी गेली किंवा अधू झाली. तिथल्या हवेतले प्रमाण मर्यादेच्या सुमारे दहापटीपर्यंत मोजले गेले.

हवेचा आकडा कातडीतून गेलेले मिथेनॉल मोजत नाही. म्हणून हातमोजे ब्युटाइल रबराचे हवेत. साधे लॅटेक्सचे कुचकामी. कोळसा भरलेल्या गाळणीचा (काडतुसाचा) मास्कही फार वेळ टिकत नाही, कारण मिथेनॉल त्यातून लवकर पार होते. बाहेरून हवा पुरवणारी साधने लागतात. पिंपातून काढताना वाफ जिथे उठते तिथेच ती ओढून घेणारा पंखा बसवणे या सगळ्याहून बरे. आगीचेही भान हवे : सुमारे 11 अंश सेल्सिअसलाच वाफ पेट घेते आणि उन्हात ज्वाळा जवळजवळ दिसतच नाही.