चिपवाली दुसरी किल्ली: दीडशे, अडीच हजार की नऊ हजार?

“ताई, ह्या किल्लीनं दार उघडेल, डिकी उघडेल. गाडी चालू व्हायची नाही, आधीच सांगतो.” चौकातल्या किल्लीवाल्या काकांनी मशीनवर पातं धरायच्या आधीच मला बजावलं होतं. दीडशे रुपयांत त्यांनी जुन्या किल्लीची हुबेहूब प्रत काढून दिली. दार उघडलं. किल्ली इग्निशनमध्ये सहज फिरली, सेल लागला, इंजिन जागं झालं आणि दोन सेकंदांत विझलं. मीटरमध्ये किल्लीचं चित्र असलेला दिवा लुकलुकत राहिला.

त्याच आठवड्यात मी आणखी दोन ठिकाणी भाव विचारला. चिपवाल्या किल्ल्या करणाऱ्या बाजारातल्या दुकानात अडीच हजार. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये रिमोटसकट नऊ हजारांच्या वर, शिवाय आठ-दहा दिवसांची वाट. धातूचं पातं तिन्ही ठिकाणी एकच. मग एवढा फरक कशाचा?

किल्लीचं काळं प्लॅस्टिकचं डोकं उघडलं की आत शेंगदाण्याच्या पाकळीएवढा एक काळा तुकडा सापडतो. काही गाड्यांत त्याऐवजी काचेची बारीक नळी असते. दुकानात त्याला नुसतं ‘चिप’ म्हणतात. पूर्ण नाव ट्रान्सपॉन्डर. त्यात केसासारख्या तांब्याच्या तारेचं वेटोळं, वीज साठवणारा एक कपॅसिटर आणि एक सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक मंडल असतं. सेल नसतो. रिमोटमध्ये जो गोल सेल आपण बदलतो, तो दार लावण्या-उघडण्याच्या बटणांसाठी असतो. तो संपला तरी किल्ली फिरवून गाडी चालू होते, ती ह्या काळ्या तुकड्यामुळे.

मग त्याला वीज मिळते कुठून? गाडीकडूनच. इग्निशनच्या कुलुपाभोवती बांगडीसारखं एक कडं असतं, तेही तारेचं वेटोळंच. आपण किल्ली फिरवली की गाडी त्या कड्यातून बहुधा सेकंदाला १ लाख २५ हजार वेळा पुढे-मागे होणारा प्रवाह सोडते. त्यामुळे कड्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र त्याच वेगाने बदलत राहतं, आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रात दुसरं वेटोळं आलं की त्यात वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवलेला हा परिणाम. घरातली इंडक्शन शेगडी त्यावरच तापते. चिपमधलं वेटोळं आणि कपॅसिटर मिळून नेमक्या ह्याच लयीला जुळवलेले असतात. झोपाळ्याला योग्य क्षणी हलके झोके देत गेलं की तो उंच जातो, तशी ती इवलीशी वीज वाढत जाते आणि काही सहस्रांश सेकंदांत चिपला काम करण्यापुरती पुरते.

उत्तर देण्याची रीत तर मला त्याहून सुंदर वाटते. बहुतेक चिपा स्वतः काही प्रसारित करत नाहीत. त्या आपल्या वेटोळ्यावरचा भार एका लयीत कमी-जास्त करतात. विहिरीत पोहरा सोडून दोर धरलेल्या माणसाला खाली कुणी पोहऱ्याला हात लावला तर वर हाताला कळतं. गाडीच्या कड्याला चिपचा ओढा तसाच कळतो, आणि त्या ओढ्याच्या चढउतारांतून ती आकडे वाचते.

सुरुवातीच्या चिपांत हे आकडे ठरलेले असत. त्याआधीचा प्रयत्न आणखी साधा होता. जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीत पात्यावर एक रोध (रेझिस्टर) बसवला होता. तो १५ वेगवेगळ्या मापांचा असे आणि गाडी किल्ली फिरवताना तो रोध मोजत असे. चुकीची किल्ली लागली की गाडी काही मिनिटं अडून बसे. पंधराच शक्यता म्हटल्यावर पंधरा किल्ल्यांचा जुडगा घेऊन चिकाटीने बसणारा चोर आज ना उद्या आत शिरणारच. ठरलेला लांबलचक क्रमांक सांगणारी चिप त्याहून पुष्कळ बरी, पण तिची अडचण गडाच्या परवलीच्या शब्दासारखी: पहारेकऱ्याशी होणारं बोलणं एकदा कानावर पडलं की ऐकणारा दुसऱ्या रात्री तोच शब्द उच्चारून आत जाणार.

म्हणून पुढच्या पिढीतली गाडी शब्द विचारत नाही, दरवेळी नवं गणित घालते. ती एक यादृच्छिक संख्या पाठवते. चिपच्या पोटात एक गुप्त आकडा असतो, तोच गाडीच्या स्मृतीतही असतो. दोघेही ती संख्या आणि गुप्त आकडा एका क्लिष्ट सूत्रात घालून उत्तर काढतात. उत्तरं जुळली तरच गाडीचा संगणक इंधन सोडू देतो. गुप्त आकडा स्वतः कधीच हवेतून जात नाही, आणि आजचं उत्तर ऐकून ठेवलं तरी उद्या प्रश्न वेगळा असतो. ही सगळी देवाणघेवाण आपण किल्ली फिरवून सेल मारेपर्यंत उरकलेली असते. माझ्या दीडशेच्या किल्लीने पातं बरोबर फिरवलं, पण गाडीच्या प्रश्नाला उत्तर द्यायला तिच्यात कुणी नव्हतंच.

ह्या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. युरोपीय संघाने १९९५ साली नियम केला आणि ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. नेदरलँड्समधल्या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे हिशेब मांडला, तेव्हा त्या देशातल्या मोटारचोऱ्या ह्या एका उपकरणामुळे सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. उलटी बाजू अमेरिकेत दिसली. तिथे सक्ती नव्हती, आणि २०१५ च्या मॉडेलांत ह्युंदाई-कियाच्या जेमतेम २६ टक्के गाड्यांना इमोबिलायझर होता, तर इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांना. २०२१ पासून मिलवॉकी शहरातून सुरू झालेली चोऱ्यांची लाट नेमकी ह्याच, साध्या किल्लीच्या गाड्यांवर कोसळली. पोरं त्याचे व्हिडिओ एकमेकांना दाखवत होती. सीमेपलीकडच्या कॅनडात २००७ पासून सक्ती असल्यामुळे तिथल्या त्याच कंपन्यांच्या गाड्यांना ही युक्ती लागू पडली नाही.

आता अडीच हजारांकडे येते. गुप्त आकडा कधीच बाहेर येत नसेल, तर बाजारातला दुकानदार चिपची प्रत काढतो कशी?

कारण जुन्या चिपांचं गणित फोडलं गेलं आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एका गाजलेल्या चिपमधला गुप्त आकडा ४० बिटांचा होता, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड, संगणकाला नव्हे. २००५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज इथल्या संशोधकांनी ते सूत्र बाहेरून प्रश्न विचारविचारून उलगडलं, त्यासाठी खास जोडलेल्या १६ संगणकीय चिपांचं यंत्र बांधलं आणि एका तासाच्या आत गुप्त आकडा शोधून काढला. मग स्वतःच्याच फोर्ड एस्केप गाडीत चिप नसलेली किल्ली घालून, चिपचं सोंग घेणाऱ्या उपकरणाने ती चालू करून दाखवली. २०१२ मध्ये फिलिप्सच्या, ४८ बिटांच्या चिपची पाळी आली. तिसऱ्या एका चिपवरचा शोधनिबंध लंडनच्या न्यायालयाने फोक्सवॅगनच्या अर्जावरून २०१३ साली रोखला. तो २०१५ मध्ये उजेडात आला. मला ही बंदी चुकीची वाटते. कमकुवत कुलपाची माहिती दडवल्याने कुलूप मजबूत होत नाही, आणि ज्यांच्या दारात ती गाडी उभी असते त्यांनाच ती माहिती मिळत नाही.

फुटलेल्या ह्याच गणितावर आज किल्लीची स्वस्त प्रत निघते. दुकानदार तुमची किल्ली वाचनयंत्रात घालतो. मग एक छोटं उपकरण घेऊन गाडीपाशी येतो, ते इग्निशनजवळ धरून गाडीचे प्रश्न टिपून घेतो आणि परत जाऊन यंत्राला हिशेब करायला लावतो. थोड्या वेळात गुप्त आकडा सापडतो, तो कोऱ्या चिपमध्ये भरला जातो. ह्याला क्लोनिंग म्हणतात. गाडीच्या लेखी दुसरी किल्ली आलेलीच नसते. तिला तीच जुनी किल्ली परत आल्यासारखं वाटतं.

दुसरी रीत म्हणजे प्रोग्रॅमिंग, नवी किल्ली गाडीच्या स्मृतीत नोंदवणं. स्टीअरिंगखाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं, त्याला यंत्र जोडून, गाडीचा सुरक्षा-पिन देऊन नव्या चिपचं नाव यादीत चढवतात. सर्व्हिस सेंटर हेच करतं. चिप स्वतः फार महाग नसते. नऊ हजारांत रिमोट असतो, कंपनीकडून मागवलेलं पातं असतं, आणि मुख्य म्हणजे त्या यादीला हात लावण्याचा अधिकार असतो. बाजारातल्या चांगल्या दुकानांकडेही अनेक गाड्यांसाठी ही यंत्रं आहेत, त्यामुळे दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न भावाचा नको. “क्लोन करणार की गाडीत नोंदवणार?” हे आधी विचारावं.

दोन्हींतला फरक किल्ली हरवली की कळतो. नोंदवलेल्या किल्लीचं नाव यादीतून खोडता येतं. मग ती कुणाला सापडली तरी त्याच्या हातात दार उघडणारा धातू उरतो, इंजिन नाही. क्लोनला वेगळं नाव नसतं. ती खोडायची तर मूळ किल्लीही बाद होते. घरात एक जादा किल्ली हवी, एवढीच गरज असेल तर क्लोन उत्तम, आणि मी स्वतः तेच केलं. पण दुसरी किल्ली चोरीला गेली असेल किंवा गाडी जुनी विकत घेतली असेल आणि आधीच्या मालकाकडे किती किल्ल्या होत्या ते ठाऊक नसेल, तर पैसे मोजून यादी साफ करून घ्यावी, असं मी आग्रहाने सांगेन.

कधी कधी एक फुकटचा तोडगाही सुचवला जातो: मूळ चिप इग्निशनच्या कड्याजवळ टेपने कायमची चिकटवून टाका, मग साधी किल्लीही चालते. चालते हे खरं. पण त्या दिवसापासून गाडीला इमोबिलायझर उरत नाही. ती चिप गाडीत शिरलेल्या प्रत्येकाच्या वतीने उत्तर देते.

काकांची दीडशेची किल्ली मात्र मी फेकली नाही. किल्ली आत राहून दार लॉक होणं हा प्रकार हरवण्यापेक्षा किती तरी जास्त वेळा घडतो, आणि तेव्हा नुसतं दार उघडणारी किल्ली पुरते. ती आता माझ्या पर्समध्ये असते. किल्लीचं कव्हर बदलणाऱ्यांनाही एक कळकळीची सूचना: अनेक किल्ल्यांत चिप रिमोटच्या पट्टीवर नसून कव्हरच्या खोबणीत वेगळी बसवलेली असते. नवं कव्हर घालून जुनं कचऱ्यात टाकलं की गाडी ‘अचानक’ बंद पडते. जुनं कव्हर उलटं करून, आपटून, बोटाने चाचपून मगच टाकावं.

ह्या सगळ्यात एक गोष्ट पैशांच्या दृष्टीने सर्वांत मोठी आहे: हातात एक चालू किल्ली असणं. तिच्यावरून दुसरी काढणं सोपं. शेवटचीही हरवली की टोइंग आलं, मालकीची कागदपत्रं आली, पोलिसांत हरवल्याची नोंद आली, आणि काही गाड्यांत तर संगणकाची स्मृती उघडून वाचावी लागते किंवा तो भागच बदलावा लागतो. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी दावा करणाऱ्याकडे दोन्ही मूळ किल्ल्या मागते, तेव्हा एक कमी असेल तर उत्तर द्यायला कागद लागतो. म्हणून किल्ली हरवल्याची नोंद त्याच दिवशी करावी. नव्या गाडीबरोबर बऱ्याचदा किल्लीचा क्रमांक कोरलेली एक छोटी धातूची पट्टी मिळते. ती किल्लीच्या जुडग्यात नको, घरच्या कपाटात असावी.

बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्यांचा खर्च वेगळा आहे, पण तत्त्व ओळखीचं. तिथला फोब (खिशातच ठेवायची रिमोट-किल्ली) गाडीशी बहुधा रेडिओने बोलतो, आपल्याकडे साधारण ४३३ मेगाहर्ट्झवर. अमेरिकेतून येणाऱ्या कुणाला स्वस्त फोब आणायला सांगू नये, तिकडे ३१५ वापरात आहे आणि दोन्ही दिसायला सारखे असतात. फोबचा सेल संपला तर तो स्टार्ट बटणालाच टेकवून गाडी चालू करण्याची सोय बहुतेक गाड्यांत असते, कारण आत तीच बिनसेलची चिप बसलेली असते.

राहिली दुकानातली चाचणी. कड्यातल्या त्या १२५ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला सव्वा लाख आवर्तनांच्या, लहरीची लांबी जवळजवळ २.४ किलोमीटर भरते. बांगडीएवढ्या कड्यातून एवढी लांब लहर बाहेर फेकली जात नाही. क्षेत्र कड्याभोवतीच घुटमळतं, आणि थोडं दूर गेलं की अंतर दुप्पट होताच आठपट क्षीण होतं. म्हणून चिपचं बोलणं चार-पाच सेंटिमीटरांत संपतं. पण नवी आणि जुनी किल्ली एकाच रिंगमध्ये असतील तर जुनी त्या चार-पाच सेंटिमीटरांतच लोंबकळत असते. नवीतली चिप कोरी असली तरी गाडी चालू होते, पैसे दिले जातात आणि खरं काय ते घरी आल्यावर उमगतं. कधी याच्या उलट, दोन्ही चिपा एकदम बोलतात, गाडीला कुणाचंच कळत नाही आणि चांगली किल्लीही खोटी ठरते. तेव्हा जुनी किल्ली रिंगमधून काढून बरोबरच्या माणसाकडे द्यावी, त्याला गाडीपासून दूर उभं करावं आणि मग नवी फिरवावी. इंजिन दोन सेकंदांनंतर चालू राहतंय का ते पाहावं, बंद करून पुन्हा दोनदा बघावं. प्रोग्रॅमिंग करून घेतलं असेल तर नंतर घरातल्या सगळ्या जुन्या किल्ल्यांनीही एकेकदा सेल मारून पाहावा. काही गाड्यांत नवी नोंद करताना आधीची यादी पुसली जाते, म्हणून जाताना सगळ्याच किल्ल्या बरोबर न्याव्यात.