वकीलपत्र गावाचं

तालुक्याच्या कोर्टासमोर वकिलांच्या कचेऱ्यांची ओळ असते, तिथल्या पाट्या एकदा नीट वाचून बघाव्यात. क्लासच्या पाटीवर पोरांचे टक्के असतात, दवाखान्याच्या पाटीवर बरे होणारे आजार असतात. वकिलाच्या पाटीवर नाव, पदवी आणि फार तर 'नोटरी'. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांतला ३६ वा नियम त्याहून जास्त काही लिहू देत नाही. पाटी बेताच्या आकाराची हवी. अमुक कामात आपला हातखंडा आहे असं तिच्यावर लिहायचं नाही, बार असोसिएशनचं माजी अध्यक्षपद मिरवायचं नाही आणि कुठल्या संस्थेशी किंवा चळवळीशी आपला संबंध आहे हेसुद्धा सांगायचं नाही. २००८ मध्ये वेबसाइटवर नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढी माहिती द्यायला मोकळीक मिळाली. बाकी मनाई तशीच आहे.

मग माणसं वकिलापर्यंत पोचतात कशी? तोंडोतोंडी. आणि त्या तोंडांना विषय पुरवतो तो वकिलाचा कोर्टाबाहेरचा वावर. वाचनालयाच्या कार्यकारिणीवर तो असतो, शाळेच्या विश्वस्तांत असतो, पतसंस्थेची घटना त्यानेच लिहून दिलेली असते, दोन मंडळांत वाद झाला की मधे त्यालाच बसवतात. कुत्सित माणूस म्हणेल, हीच त्याची जाहिरात. त्यात थोडं तथ्य आहेच. पण गावकी आणि वकिली यांची ही गाठ ३६ व्या नियमाच्या फार आधीची आहे आणि ती कचेरीच्या कामातूनच पडलेली आहे.

माझे मामा अशाच एका कचेरीत वकिलांचे कारकून होते. लाकडी बाकडं, बाहेर स्टॅम्पव्हेंडर आणि टायपिस्ट, आत फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे. बाजाराच्या दिवशी गर्दी ठरलेली. लहानपणी मी तिथे बसून राहायचो, त्यातली एक सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. एक बाई पिशवीतून सातबारा काढून टेबलावर ठेवते. वडील वारले, भावांची नावं लागली, हिचं नाही. वकीलसाहेब चष्मा कपाळावर सरकवून उताऱ्यावरचा फेरफार नंबर बघतात. "ताई, कोर्टात जायची घाई नको. आधी तलाठ्याकडून या फेरफाराची नक्कल काढा. वारसांत तुमचं नाव सांगितलंच नव्हतं, की सांगून गाळलंय, ते त्यात कळेल." बाई पदराची गाठ सोडायला लागते. ते हातानेच नको म्हणतात आणि पुढच्या माणसाकडे वळतात. मामांच्या वहीत त्या भेटीची नोंद व्हायची नाही. तिथे खरेदीखतं, साठेखतं, तीस वर्षांचे सर्च रिपोर्ट, हक्कसोडपत्रं, पोटगीचे अर्ज, अपघाताचे क्लेम यांच्या तारखा आणि रकमा असत. कचेरी चालायची त्यांच्यावर.

या नोंद न होणाऱ्या कामाचा माग मागे काढत गेलं की आपण पुण्यात पोचतो, १८७० सालात. मुंबई इलाख्याच्या मुलखात सनदी वकील १८२७ च्या रेग्युलेशनांपासून होते, मुंबईचं हायकोर्ट १८६२ मध्ये उभं राहिलं होतं. वकील म्हणजे काय हे लोकांना ठाऊक झालेलं होतं. पर्वतीवरच्या देवळांची व्यवस्था बघणाऱ्या पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दल पुण्यात तक्रारी वाढल्या, पण सरकारकडे गाऱ्हाणं न्यायचं तर कोणाच्या नावानं, हा प्रश्न होता. साताऱ्याकडून आलेले, आधी कारकुनी करून मग वकिलीची परीक्षा दिलेले गणेश वासुदेव जोशी यांनी त्याचं उत्तर शोधण्यात पुढाकार घेतला आणि ते उत्तर अस्सल वकिली होतं. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचा सभासद व्हायचं तर निदान ५० सज्ञान माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. सुरुवातीचे सभासद ९५ आणि त्यांच्यामागे सहा हजारांवर लोक.

मला या अटीचं फार कौतुक वाटतं. मतदानाचा हक्क सामान्य माणसाच्या स्वप्नातही नव्हता, तेव्हा या मंडळींनी प्रतिनिधित्वाची कल्पना उचलली ती थेट कोर्टाच्या टेबलावरून. पक्षकार वकिलाला पत्र देतो, तसं ५० जणांनी एकाला द्यायचं. 'तुम्ही कोणाच्या वतीनं बोलता?' असं कलेक्टरनं विचारलंच तर कागद पुढे करायचा. पुढे १८७७ च्या दिल्ली दरबाराला जोशी सभेच्या वतीनं गेले ते हातानं कातलेल्या सुताच्या कपड्यांत. त्यांना 'सार्वजनिक काका' हे नाव पडलं त्यात थोडी थट्टा असेलही, पण अर्थ अगदी नेमका होता. खासगी वकील पुष्कळ होते, हा सार्वजनिक.

सभेच्या मंडळींनी १८७६ च्या सुमारास पुण्यात लवाद कोर्टही चालवलं. वकिलांनीच लोकांना सांगायचं की कोर्टाची पायरी चढू नका, आपसात मिटवा, हे आज ऐकायला गमतीचं वाटतं. त्याला कारण होतं. आदल्याच वर्षी, मे १८७५ मध्ये, भीमथडीतल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली होती आणि त्यांचा रोख होता कागदांवर. कर्जरोखे बाहेर काढून जाळले गेले. ज्या कागदावर अंगठा उठवला त्यात काय लिहिलंय हे अंगठेबहाद्दराला माहीत नसे. समन्स लागलं तरी तो हजर होत नसे आणि हुकूमनामा एकतर्फी होई. कोर्ट हे सावकाराच्या हातातलं अवजार झालं होतं आणि ते अवजार चालवणारा हात बहुतेक वेळा वकिलाचाच होता. हे आपल्या पेशाच्या इतिहासात जरा हळू आवाजात सांगितलं जातं.

सरकारनं मात्र ते मोठ्यानं सांगितलं. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी झाला. त्याच्या ६८ व्या कलमानं वकील-मुखत्यारांना सलोखा करणाऱ्या पंचांपुढे आणि गावातले लहान दावे चालवणाऱ्या गावमुन्सफापुढे उभं राहायलाच बंदी केली. कायद्याखालच्या १०० रुपयांपर्यंतच्या दाव्यांतही त्यांना मज्जाव होता. पण लगेच पुढचं, ६९ वं कलम वाचा. शेतकऱ्याच्या विरुद्ध बाजूनं वकील उभा असेल आणि शेतकऱ्याची वकील देण्याची ऐपत नसेल, तर न्यायाधीश त्याच्या संमतीनं सरकारी वकिलाला किंवा तयार असलेल्या दुसऱ्या योग्य माणसाला त्याच्या बाजूनं उभं राहायला सांगू शकत होता. गरिबाला वकील मिळवून द्यावा, हे महाराष्ट्राच्या जमिनीवर कायद्याच्या भाषेत इतक्या आधी लिहिलं गेलं होतं. वकिलावरचा अविश्वास आणि वकिलाची गरज, लागोपाठच्या दोन कलमांत.

त्याच १८७९ सालात पुण्यात दुसरी एक परीक्षा झाली. वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. मे महिन्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना आगी लागल्यापासून सरकारची नजर पुण्याच्या सुशिक्षितांवर वळली होती. न्यायमूर्ती रानड्यांची बदली धुळ्याला झाली ती याच वातावरणात. अशा वेळी फडक्यांचं वकीलपत्र घेणं म्हणजे स्वतःचं नाव पोलिसांच्या वहीत लिहून देणं. ते घेतलं सार्वजनिक काकांनी. निकाल अर्थातच जन्मठेपेचा लागला आणि फडके १८८३ मध्ये एडनला वारले. काका तर खटल्यानंतर वर्षभरही जगले नाहीत, १८८० मध्ये गेले. गावातल्या वकिलाची किंमत लोक आजही याच मापानं करतात. कोणाचं पत्र त्यानं घेतलं, आणि कोणाचं घ्यायला नाही म्हटलं.

पुढच्या पिढीत कचेरी आणि चळवळ एकाच खोलीत नांदल्याचं सगळ्यात ठळक उदाहरण परळच्या दामोदर हॉलचं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये वकिली सुरू केली. सनदेचे पैसेसुद्धा स्नेही नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले. हायकोर्टातल्या सॉलिसिटरांची कामं अस्पृश्य बॅरिस्टरकडे कशाला येतील? आली ती गिरणगावातली, मुलखातली, गरिबांची. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली तीही दामोदर हॉलमध्येच. गाऱ्हाणं घेऊन आलेला माणूस पक्षकार की कार्यकर्ता, हे तिथे कोण वेगळं करत बसणार?

महाडचं प्रकरण या अंगानं फार कमी वेळा सांगितलं जातं. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं, हे पोराटोरांना पाठ असतं. पण डिसेंबरातल्या दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर, १२ डिसेंबरला, सवर्णांनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला की तळं आमच्या खासगी मालकीचं आहे. दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम निघाला. प्रतिवादींत स्वतः आंबेडकर. जमलेल्या हजारो लोकांना तळ्यावर न नेण्याचा निर्णय त्यांना घ्यावा लागला, आणि मग तो दावा लढणं आलं. अस्पृश्यांना वगळण्याची अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. महाड, मग ठाणे, मग मुंबई. हायकोर्टाचा निकाल आला १७ मार्च १९३७ ला. सत्याग्रह दोन दिवसांचा, त्याच्यामागची तारीख-पे-तारीख दहा वर्षांची. ती दहा वर्षं कोणाच्या तरी कचेरीत कैफियती लिहिल्या जात होत्या, नकला काढल्या जात होत्या, साक्षीदारांना गाडीभाडं दिलं जात होतं. त्याचे पुतळे होत नाहीत.

मुंबईत लीगल एड सोसायटी निघाली तीही १९२४ मध्येच. तोवर फुकट सल्ला ही वकिलाची मर्जी होती, आता तिला संस्थेचं रूप यायला लागलं. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते बाळ गंगाधर खेर, जे स्वतः सॉलिसिटर, १९१८ साली फर्म काढलेले. त्यांच्या सरकारनं १९४९ मध्ये न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांची समिती नेमली. समितीनं तालुक्यापासून राज्यापर्यंत कायदेमदतीच्या समित्यांची उतरंड सुचवली. पैसे नाहीत म्हणून अहवाल कपाटात गेला. गंमत अशी की पुढे वीसेक वर्षांनी गुजरातेत याच विषयावर समिती बसली तिचे अध्यक्ष होते त्यांचे चिरंजीव, पी. एन. भगवती. बापाचा कागद मुलानं पुढे नेला, असं म्हणायला हरकत नाही.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं ३९-अ हे कलम आलं आणि मोफत कायदेमदत हे राज्याचं कर्तव्य ठरलं. पण त्या कलमात जीव भरला तो तुरुंगातून आलेल्या कागदांनी, आणि त्यातले दोन महाराष्ट्रातले. होसकोट प्रकरणात कैद्याच्या हातात हायकोर्टाच्या निकालाची नक्कलच पडली नव्हती. सुप्रीम कोर्टात यायला चार वर्षं उशीर झाला, तोवर शिक्षा भोगूनही झाली. १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की निकालाची प्रत कैद्याला सही घेऊन द्या, आणि वकील करायची ऐपत नसेल तर राज्याच्या खर्चानं द्या. दुसरा कागद पत्रकार शीला बारसे यांचा. मुंबईच्या तुरुंगातल्या १५ स्त्री-कैद्यांना भेटून त्यांनी लिहिलेलं पत्र कोर्टानं याचिका म्हणून घेतलं आणि १९८३ मध्ये पोलीस कोठडीतल्या स्त्रियांसाठी नियम घालून दिले. अटक झाली की जवळच्या कायदेमदत समितीला कळवायचं, हे तेव्हापासून.

याच काळात पेशाची दुसरी बाजूही दिसत होती. मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारात पक्षकारांवर झडप घालून एकमेकांच्या हातातली कामं ओढत असल्याचा आरोप असलेल्या वकिलांचं प्रकरण १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. तेव्हा सगळे काळे कोट सार्वजनिक काकांचे वारस, असं समजायचं कारण नाही.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, पण तो अमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. १२ व्या कलमात कोणाला मोफत वकील मिळतो याची यादी आहे. त्यात स्त्रिया आणि मुलं येतात, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, कामगार, अपंग, आपत्तीग्रस्त आणि कोठडीत असलेला कोणीही. स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, ही गोष्ट अजून कितीतरी बायकांना माहीत नसते. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, न्यायाधीश तिचे अध्यक्ष. पॅनेलवरच्या वकिलाला मानधन समिती देते. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नाही. १८७६ च्या लवाद कोर्टाला जे हवं होतं तेच, फक्त आता शिक्क्यासह.

मामा आता थकलेत. त्यांच्या कचेरीतले जुनिअर आज मालक आहेत आणि त्यांचं नाव पॅनेलवर आहे. मध्यंतरी गेलो होतो तेव्हा बाकड्यावर एक मुलगी आईला घेऊन बसली होती, हातात समितीचा छापील अर्ज. समिती पलीकडच्या इमारतीत, पण अर्ज भरून घ्यायला त्या इथेच आल्या होत्या. 'तक्रारीचं स्वरूप' या रकान्यापाशी मुलगी अडली. नव्या कारकुनानं विचारलं, "सातबारा आणलाय का?" आईनं पिशवीत हात घातला.