व्हेनिस न पाहता व्हेनिस रंगवणारे

अठराव्या शतकातलं व्हेनिसचं चित्र विकायला निघालं की त्याखाली बहुतेक वेळा ‘कॅनालेट्टोच्या कार्यशाळेतून’ किंवा ‘कॅनालेट्टोचा अनुयायी’ असं लिहिलेलं असतं. वाचणारा ते ‘नकली’ असं वाचतो. मला हा अन्याय वाटतो.

जोव्हानी आंतोनियो कनाल ऊर्फ कॅनालेट्टो (१६९७–१७६८) हा नाटकाचे पडदे रंगवणाऱ्याचा मुलगा. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे युरोपच्या सफरीवर निघालेले इंग्रज उमराव. त्यांना घरी नेण्यासाठी व्हेनिस हवं असे, आणि मधला माणूस होता जोसेफ स्मिथ, तिथेच स्थायिक झालेला इंग्रज व्यापारी, १७४४ पासून ब्रिटनचा कॉन्सल. मागणी एवढी वाढली की एका हाताला ती पुरी पडेना.

कॅनालेट्टोच्या हाताखाली त्याचा सख्खा भाचा बेर्नार्दो बेल्लोत्तो शिकत होता. १७३८ साली, जेमतेम सोळाव्या वर्षी, तो चित्रकारांच्या संघात दाखल झाला. त्याची सुरुवातीची चित्रं मामाच्या चित्रांपासून वेगळी काढताना जाणकारही अडखळतात. नंतर ड्रेस्डेन आणि वॉर्साला गेल्यावरही तो ‘कॅनालेट्टो’ हे नाव लावत राहिला.

पण शिष्यांपेक्षा मोठं काम केलं तांब्याच्या पत्र्यांनी, म्हणजे ज्यांवर चित्र कोरून त्याचे कागदावर छाप काढतात त्यांनी. १७३५ साली कोरीव छाप काढणाऱ्या आंतोनियो व्हिसेन्तिनीने कॅनालेट्टोच्या चित्रांवरून १४ छापचित्रं प्रसिद्ध केली. १७४२ च्या आवृत्तीत ती ३८ झाली. आता लंडनच्या खोलीत बसूनही ग्रँड कॅनॉल, म्हणजे व्हेनिसचा मुख्य कालवा, रंगवता येऊ लागला. असं चित्र पाहताना मी आधी नावा पाहतो. छापात जिथे गोंडोला, तिथेच ती चित्रातही असली, की चित्रकार काठावर उभा नव्हता असा संशय बळावतो. मग पाणी. पांढऱ्या रंगाच्या बारीक कमानींसारख्या लाटा कॅनालेट्टोही ठराविक पद्धतीने काढायचा, पण अनुकरण करणाऱ्याच्या हातात त्या रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या सारख्या अंतरावर बसतात.

मनोऱ्यांवरून साल ठरवतानाही म्हणूनच जपावं लागतं. व्हेनिसमधल्या सान जोर्जो माज्जोरे या चर्चचा घंटामनोरा १७७४ साली कोसळला आणि नवा १७९१ मध्ये उभा राहिला. मनोरा नसलेलं दृश्य या मधल्या काळातलं, हे सरळ आहे. पण जुना मनोरा दिसतोय म्हणून चित्र १७७४ पूर्वीचं, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. छापचित्रात तो कधी पडलाच नाही.

ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धाने प्रवासी आटले, तेव्हा १७४६ साली कॅनालेट्टो स्वतः लंडनला गेला. तिथे हा खरा कॅनालेट्टोच नव्हे, अशी आवई उठली. १७४९ मध्ये त्याला वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागली: सिल्व्हर स्ट्रीटवरच्या आपल्या बिऱ्हाडी या आणि सेंट जेम्स पार्कचं नवं चित्र पाहा.