मन भटकणं हाच ध्यानाचा कच्चा माल

"ध्यानाला बसलो, पण मनच लागलं नाही" अशी तक्रार करणारा माणूस बहुतेक वेळा ध्यान बरोबरच करत असतो, फक्त तसं त्याला कुणी सांगितलेलं नसतं. डोळे मिटले की विजेचं बिल, मुलाची फी, काल जावेनं मारलेला टोमणा असं सगळं रांगेनं हजर होतं. चार दिवस हा अनुभव आला की "हे आपलं काम नाही बुवा" म्हणत चटई गुंडाळून कोपऱ्यात जाते.

मन भटकतं ते काही डोळे मिटल्यामुळे नाही. हार्वर्ड विद्यापीठातल्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनिएल गिल्बर्ट यांनी 2010 मध्ये 2250 प्रौढांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दिवसात केव्हाही फोन वाजायचा आणि प्रश्न यायचा: आत्ता काय करताय, आणि मन त्यातच आहे का? सुमारे 47 टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. ध्यानाला बसल्यावर ही जुनीच गडबड पहिल्यांदा ऐकू येते, एवढंच.

त्यामागे मेंदूची एक यंत्रणा आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे मेंदूतज्ज्ञ मार्कस रायकल यांनी 2001 मध्ये दाखवलं, की माणूस काही विशिष्ट काम करत नसतो तेव्हाही मेंदूचे काही भाग जोरात चालू असतात: कपाळामागचा मधल्या रेषेलगतचा भाग, मेंदूच्या मागच्या बाजूचा मधला भाग आणि त्यांचे सोबती. या जाळ्याला डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. आठवणी, उद्याचे बेत, 'लोक काय म्हणतील', हा सगळा स्वतःभोवतीचा विचार करताना ते कामाला लागतं.

अटलांटाच्या एमरी विद्यापीठात 2012 मध्ये झालेला प्रयोग ध्यान शिकणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगायला हवा. ध्यानाचा अनुभव असलेल्या 14 जणांना एमआरआय यंत्रात 20 मिनिटं श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. मन भटकल्याचं लक्षात आलं की बटण दाबायचं आणि परत श्वासाकडे यायचं. मेंदूच्या चित्रांत एक चक्र दिसलं. भटकताना डिफॉल्ट जाळं जागं. 'अरे, भटकलो' हे कळतं त्या क्षणी महत्त्वाचं काय ते टिपणारं दुसरं जाळं. लक्ष परत वळवताना कपाळाच्या बाजूचं तिसरं. मग थोडा वेळ श्वास, आणि पुन्हा भटकंती. लक्षात घ्या, ही मुरलेल्या साधकांची गोष्ट आहे. तेही भटकत होते.

म्हणजे सराव होतो तो कळण्याचा आणि वळवण्याचा. गुरं दुसऱ्याच्या शेतात शिरली म्हणून गुराखी घरी निघून जात नाही. वळणं हेच त्याचं काम. दहा मिनिटांत मन तीस वेळा गेलं आणि तीस वेळा परत आणलं, तर तीस वेळा सराव झाला.

आता प्रत्यक्ष बैठक. मांडी घालून बसायचं तर बुडाखाली घडी घातलेली चादर किंवा घोंगडी घ्या, साधारण चार ते सहा इंच उंच. गुडघे कमरेपेक्षा खाली आले की पाठ आपोआप सरळ राहते. सपाट जमिनीवर बसलं की कंबर मागे कलते, पाठीला पोक येतं आणि पाच मिनिटांत खांदे भरतात. पद्मासनाचा हट्ट अजिबात नको. खुर्ची चालते, मात्र दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत; टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. पाठीचं दुखणं असेल तर खुर्चीला टेका किंवा सरळ आडवे व्हा. डोळे मिटा, नाहीतर अर्धे उघडे ठेवून नजर तीन-चार फुटांवर जमिनीवर सोडा.

श्वास एकाच ठिकाणी पाहायचा, नाकपुडीच्या कडेशी किंवा बेंबीपाशी. सर्दी असेल तर बेंबी बरी. तो लांबवायचा नाही, येतो तसा येऊ द्यायचा. प्रत्येक उच्छ्वासाला एक अंक मोजा, एक ते दहा, मग पुन्हा एक. आकडा विसरला की एकपासून. कधी कधी एकदम लक्षात येतं की आपण तेवीसवर पोचलोय. याचा अर्थ मोजणी तोंडपाठ चालू होती आणि मन केव्हाच बाजारात गेलं होतं. चडफडू नका, एकवर या. पहिला आठवडा रोज पाच मिनिटं, मग दहा. फोन विमान मोडवर, सौम्य आवाजाचा गजर लावून पाठीमागे ठेवलेला. समोर असला की 'किती राहिलं' पाहायला हात जातोच.

चुका ठरलेल्या असतात. सगळ्यात मोठी म्हणजे विचार दाबणं. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेग्नर यांनी 1987 मध्ये प्रयोगातल्या लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. सरासरी मिनिटाला एकापेक्षा जास्त वेळा घंटी वाजली! अस्वल आलंय का हे तपासायचं तर ते लक्षात ठेवावंच लागतं. विचार आला तर आला. 'विचार' एवढं मनात म्हणायचं आणि श्वासावर यायचं.

दुसरी चूक म्हणजे जोर लावून खोल श्वास घेणं. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. काहींना ही 'शक्ती जागी झाली' असं वाटतं. ती श्वासाची चूक असते. जोर सोडून श्वास आपसूक चालू द्या, मिनिटा-दोन मिनिटांत मुंग्या थांबतात.

पायाला येणाऱ्या मुंग्या वेगळ्या. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली जो हाडाचा उंचवटा लागतो, त्याला वळसा घालून एक नस पावलाकडे जाते. मांडीत ती दबते आणि पाऊल बधिर होतं. तसंच उठलात तर घोटा मुरगळतो. पाय लांब करा, जाण येईपर्यंत थांबा आणि पुढच्या वेळी बैठक उंच करा. रोजच झोप लागत असेल तर बहुधा रात्रीची झोप अपुरी पडतेय, ती आधी भरून काढा. जेवल्यावर लगेच बसू नका.

फायद्यांबद्दल मात्र हात राखून बोलायला हवं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये 47 चाचण्या, एकूण 3515 सहभागी, एकत्र तपासल्या. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत सुधारणा होते याला मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. औषधं किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. 'आठ आठवड्यांत मेंदू वाढतो' ही बातमी 2011 च्या ज्या अभ्यासावरून पसरली, त्यात ध्यान करणारे फक्त 16 जण होते. 2022 मध्ये दोनशेहून अधिक लोकांवर तसाच अभ्यास झाला तेव्हा मेंदूच्या रचनेत तो फरक दिसला नाही. चिंता थोडी उतरणं हाही काही लहान लाभ नाही, त्यासाठी मेंदू फुगवून सांगायची गरज नव्हती.

दीर्घ शिबिरं हा वेगळा मामला आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवरचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर विनाशुल्क असतं, कोणत्याही धर्माच्या माणसाला खुलं असतं आणि पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वासच पाहायचा असतो. पण पहाटे चारला उठून, मौन पाळून दिवसाला सुमारे दहा तास बसायचं असतं. घरच्या दहा मिनिटांशी त्याची तुलना करू नये. ज्यांना सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) किंवा तीव्र मानसिक आजार झाला आहे, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय अशा शिबिराला जाऊ नये. रक्तदाबाची किंवा मनाच्या आजाराची गोळी ध्यानाच्या भरवशावर बंद करणं तर सरळ धोक्याचं.

काहींना, विशेषतः दमा असणाऱ्यांना किंवा घाबरण्याचे झटके येणाऱ्यांना, श्वासाकडे पाहिलं की उलट जीव घुसमटतो. त्यांनी लक्ष जमिनीला टेकलेल्या तळव्यांवर किंवा पंख्याच्या आवाजावर ठेवावं, चालतं. लहान मुलांना दोन-तीन मिनिटं पुरे. बसवतच नसेल तर गॅलरीत किंवा अंगणात दहा-बारा पावलं सावकाश जायचं, वळायचं, परत यायचं, आणि टाच टेकते तिकडे लक्ष ठेवायचं. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला हे बसण्यापेक्षा सोपं जातं, झोप लागत नाही. गाडी चालवताना मात्र यातलं काहीही करू नका.