पांढरा डोळा की पांढरा गाल : न्यू हॉलंड आणि व्हाइट-चीक्ड हनीईटर

बँक्सिया नावाच्या झुडपाच्या फुलोऱ्यावर क्षणभर टेकून लगेच दुसऱ्या झुडपाकडे झेपावणारा, काळ्या-पांढऱ्या रेघांचा आणि पंखांवर ठळक पिवळा पट्टा असलेला पक्षी ऑस्ट्रेलियात दिसला, की त्याची नोंद बहुधा ‘न्यू हॉलंड हनीईटर’ (फुलांतला मध चाखणारा एक पक्षी) अशी केली जाते. पुष्कळदा ती बरोबरही असते. परंतु याच वंशातला व्हाइट-चीक्ड हनीईटर आकाराने आणि रंगाने त्याच्या इतका जवळचा आहे, की केवळ पिवळा पंख पाहून केलेली नोंद ग्राह्य धरता येत नाही. दोघेही साधारण १७-१८ सेंटीमीटर लांबीचे असून दोघांच्याही छातीवर काळ्या रेघा, शेपटीच्या कडांना पिवळा रंग आणि किंचित बाकदार काळी चोच असते. म्हणजे नवख्या निरीक्षकाची नजर ज्या खुणेवर प्रथम जाते, ती पिवळी खूणच निर्णयासाठी निरुपयोगी ठरते.

पिवळा रंग बाजूला ठेवून आधी डोळा पाहावा. प्रौढ न्यू हॉलंडचे बुबुळ पांढरेशुभ्र असते, आणि काळ्या चेहऱ्यावर ते इतके उठून दिसते, की पक्षी सतत डोळे वटारून पाहत असल्याचा भास होतो. व्हाइट-चीक्डचा डोळा मात्र गडद तपकिरी असतो. काळ्या डोक्यात तो मिसळून जातो आणि दुर्बिणीतूनही चटकन सापडत नाही. एवढ्यावर निकाल लागला असता तर फारच सोपे झाले असते, पण न्यू हॉलंडच्या पिल्लांचे डोळे राखाडी असतात आणि वयाबरोबर ते पांढरे होत जातात. त्यामुळे पांढरा डोळा दिसला तर प्रश्न मिटतो. तो दिसला नाही, तर मिटत नाही. माझ्या मते या जोडीबाबत होणाऱ्या चुकांचे मूळ हा फरक लक्षात न घेण्यात आहे.

अशा वेळी गालाकडे वळावे. व्हाइट-चीक्डच्या डोळ्याखाली पंख्यासारखा पसरलेला, सलग आणि मोठा पांढरा डाग असतो, आणि डोळ्यावरून मागे जाणारी भुवईही लांब व ठळक असते. दुरून पाहिले तर काळ्या डोक्यावर दोन रुंद पांढरे फटकारे मारल्यासारखे वाटतात. न्यू हॉलंडच्या चेहऱ्यावर पांढरा रंग एका जागी साठलेला नसतो, तर तो विखुरलेला असतो : भुवईची बारीक रेघ, कानामागे छोटा झुपका आणि चोचीखाली दाढी-मिशांसारखे विरळ पांढरे केस. पिल्लाच्या अंगावरचा काळा रंग तपकिरीकडे झुकलेला असला, तरी त्याच्या गालावर तो रुंद डाग नसतो. पक्षी पाठमोरा बसला असेल तर शेपटीची टोके तपासावीत, कारण न्यू हॉलंडच्या शेपटीला पांढरी टोके असतात आणि व्हाइट-चीक्डच्या शेपटीला ती नसतात.

ठिकाणाचाही उपयोग होतो, पण सर्वत्र सारखा नाही. टास्मानिया, व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात न्यू हॉलंड विपुल आहे, तर व्हाइट-चीक्ड तेथे राहत नाही. त्यामुळे मेलबर्न किंवा ॲडलेड येथील मराठी मंडळींना आपल्या अंगणातल्या ग्रेव्हिलियाच्या फुलझाडावर आलेल्या पक्ष्याबद्दल फारसे डोके खाजवावे लागणार नाही. क्वीन्सलंडच्या उत्तर भागात परिस्थिती नेमकी उलट असते. न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यालगतची खुरटी झुडुपी राने आणि पर्थच्या आसपासचा नैऋत्य पट्टा येथे मात्र दोघेही आढळतात, आणि खरी परीक्षा तेथेच होते. नावांवरून तर्क करण्यात अर्थ नाही : ‘न्यू हॉलंड’ हे डच खलाशांनी १७व्या शतकात ऑस्ट्रेलियाला दिलेले नाव असून १७९० मध्ये जॉन लेथम यांनी या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन करताना तेच वापरले, त्यातून पक्षी कसा दिसतो हे मुळीच कळत नाही. व्हाइट-चीक्डचे नाव तेवढे प्रामाणिक आहे.

महाराष्ट्रातून गेलेल्या निरीक्षकाला फुलांवरची ही लगबग पाहून शिंजीर आठवणे साहजिक आहे. परंतु शिंजिराशी हनीईटरचे जवळचे नाते नाही. दोघांनाही मध चाखण्याची सवय स्वतंत्रपणे जडलेली आहे, आणि हनीईटरच्या जिभेचे टोक कुंचल्यासारखे तंतुमय असते. व्यवहारात त्याचा परिणाम असा, की एका फुलोऱ्यावर पक्षी काही क्षणच थांबतो. तेवढ्या वेळात पंख, छाती आणि शेपटी पाहत बसले तर चेहरा हुकतो. म्हणून दुर्बीण डोळ्यांना लावताच प्रथम डोक्यावर रोखावी, आणि छायाचित्र घ्यायचे असेल तर पक्ष्याची बाजू कॅमेऱ्याकडे वळण्याची वाट पाहावी. समोरून घेतलेल्या चित्रात व्हाइट-चीक्डचा गालही अरुंद भासतो, आणि मग घरी आल्यावर संगणकावर चित्र कितीही मोठे करून पाहिले तरी शंका तशीच राहते.