अक्षरांचं चित्र होतं तेव्हा: टेक्स्ट लेयरची पार्श्वभूमी

गणेशोत्सव तोंडावर आला की मंडळाचा कार्यकर्ता गेल्या वर्षीची फाइल घेऊन फ्लेक्सवाल्याकडे येतो. ‘वर्ष ४७ वे’चं ‘वर्ष ४८ वे’ करायचं, एवढंच काम. पण फाइल फोटोशॉपमध्ये केलेली असते आणि उघडली जाते दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये. आकडा डोळ्यांना दिसतो, पण टेक्स्ट टूल घेऊन कितीही क्लिक केलं तरी कर्सर त्यात शिरत नाही.

सुरुवातीला तर खुद्द फोटोशॉपमध्येही हेच होतं. १९९० साली फोटोशॉप आलं तेव्हा मजकूर एका चौकटीत टाइप करायचा आणि ओके दाबलं की त्याचे पिक्सेल, म्हणजे चित्राचे रंगीत ठिपके व्हायचे. एक काना चुकला तरी पुसून पुन्हा लिहायचं. १९९४ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक सुटे थर आले, पण मजकूर पिक्सेलच राहिला. लिहिलेलं नंतर बदलता येईल असा टेक्स्ट लेयर १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत मिळाला. २००० साली सहाव्या आवृत्तीत थेट चित्रावर टाइप करता येऊ लागलं. मात्र मजकूर साठवायची पद्धतही तेव्हाच बदलली. त्यामुळे जुनी फाइल नव्या फोटोशॉपमध्ये उघडली, तरी टेक्स्ट लेयर अद्ययावत करायचे का, असा प्रश्न समोर यायचा.

खरी गोम पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या स्वतःच्या फाइलच्या आत आहे. तिच्यातला टेक्स्ट लेयर दोन गोष्टी बाळगतो: मजकुराचं तयार चित्र आणि ते चित्र पुन्हा काढायची कृती, म्हणजे शब्द, फॉन्ट, आकार, अंतर. ज्याला कृती वाचता येत नाही तो प्रोग्रॅम चित्र दाखवून मोकळा होतो. जिंप या चित्रं करायच्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पीएसडीतला मजकूर चित्र होऊन येतो तो यामुळेच. जिंपचा स्वतःचा टेक्स्ट लेयर २००४ पासून, म्हणजे २.० पासून आहे. पण त्याची कृती जिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ फाइलमध्ये असते आणि ती जिंपलाच कळते. ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी मात्र पीएसडीतली कृती वाचतं आणि मजकूर बदलू देतं. फॉन्ट मात्र तोच हवा.

आणि फॉन्ट म्हटलं की आपण मराठीत येतो. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, तरी आपल्या छापखान्यांत पुढे कित्येक वर्षं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि तशाच इतर फॉन्टांचं राज्य होतं. त्यांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. ‘शिव’ लिहिताना आधी वेलांटी दाबायची, मग श. प्रोग्रॅमला वाटायचं, हा इंग्रजीच टाइप करतोय. त्या फॉन्टांना आज नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. पण देवनागरीचा गंध नसलेल्या प्रोग्रॅममध्ये त्या काळी मराठी उमटली ती त्यांच्यामुळेच, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. किंमत नंतर कळली: तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर टेक्स्ट लेयर उघडून फॉन्ट बदलला की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग.

युनिकोडचा पेच वेगळा. त्यात आधी श, मग वेलांटी साठवली जाते. ती उचलून श च्या आधी दाखवायचं काम प्रोग्रॅमचं. रफार शिरावर चढवणं, जोडाक्षर जुळवणं हेही त्याचंच. फोटोशॉपला हे बरीच वर्षं जमत नव्हतं. युनिकोड मराठी तिथे चिकटवली की वेलांटी अक्षराच्या मागे जायची, जोडाक्षरं पाय मोडून सुटी व्हायची. फुकट मिळणारं जिंप यात पुढे होतं, कारण मजकूर मांडायला त्यात पँगो ही अनेक लिप्या जाणणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला जोडायचा तयार कोड होता. फोटोशॉपमध्ये पुढे दक्षिण आशियाई लिप्यांसाठी मजकुराचा वेगळा पर्याय आला. तो निवडलेला नसला की अक्षरं फुटायची.

म्हणूनच डीटीपीवाल्यांच्या तोंडी दोन वाक्यं कायमची बसली: छपाईला देताना ‘कर्व्ह करून दे’ आणि पुढच्या वर्षीसाठी ‘ओपन फाइल ठेव’. कर्व्ह केलं की अक्षरांच्या रेषा होतात. कुठेही उघडा, आकार हलत नाही, पण ४७ चे ४८ होत नाहीत. ओपन फाइलमध्ये ते होतात, पण तिच्यासोबत फॉन्टही द्यावा लागतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’सारखा खुल्या परवान्याचा युनिकोड फॉन्ट वापरला असेल, तर तो कुणालाही विनाखर्च उतरवून घेता येतो. जुन्या फॉन्टमधल्या फाइलला आजही तोच जुना फॉन्ट बसवलेला संगणक शोधावा लागतो.