गार्सिया द ऑर्ता

ऑर्ता, गार्सिया द : (सु. १५०१–१५६८). पोर्तुगीज वैद्य व वनस्पतिज्ञ. हयातीची शेवटची चौतीस वर्षे त्याने हिंदुस्थानात, मुख्यतः गोव्यात काढली. जन्म पोर्तुगालमधील कास्तेलु द व्हीद येथे. आईवडील स्पेनमधून १४९२ साली हाकलले गेलेले ज्यू. पुढे पोर्तुगालात त्यांना सक्तीने ख्रिस्ती व्हावे लागले. स्पेनमधील सालामांका व आल्काला येथे त्याचे शिक्षण झाले. लिस्बनच्या विद्यापीठात काही काळ शिकवल्यावर १५३४ मध्ये मार्तिं आफोंसु द सौझाच्या आरमाराबरोबर वैद्य म्हणून तो गोव्यास आला.

गोव्यात त्याचा वैद्यकीचा जम चांगला बसला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारी त्याचे येणेजाणे होते, तेथील हकिमांशी वादही होत. मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळाले होते. तिथले आपले एक आंब्याचे झाड वर्षातून दोनदा फळते, असे तो मोठ्या कौतुकाने सांगतो.

त्याची कीर्ती एकाच ग्रंथावर उभी आहे : हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांविषयीचे संवाद. हा पोर्तुगीज ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. छपाई मात्र गचाळ. शुद्धिपत्रच कितीतरी पानांचे. सालामांकाहून आलेला रुआनो हा कल्पित वैद्य ग्रीक ग्रंथांचे दाखले देत राहतो आणि ऑर्ता त्याला डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याविरुद्ध बोलायला आपण स्पेनमध्ये धजलो नसतो, अशी कबुलीही मध्येच येते. हवी ती वनस्पती बागेतून आणून देते ती आंतोनिया ही दासी; मालुपा नावाचा हिंदू वैद्यही एका संवादात भाग घेतो.

मराठी वाचकाला या ग्रंथात ओळखीचे शब्द भेटतात. ‘नेगुंदो’ म्हणजे आपली निर्गुडी. ‘ब्रिंदोंइश’ म्हणजे भिरंड, कोकमाचे फळ : आत रक्तासारखे लाल, चवीला आंबट, रंगाऱ्यांच्या उपयोगाचे. पटकीला (कॉलऱ्याला) तो ‘मोर्शी’ म्हणतो, हीच आपली मोडशी. बुडालेली नाडी, गार घाम, खोल गेलेले डोळे, पायांत गोळे, न भागणारी तहान. या रोगाचे हे वर्णन युरोपीय वैद्यकात फार लवकरचे मानले जाते. धोत्र्याच्या प्रकरणात चोर तो अन्नात घालून माणसाला कसे बेभान करतात, तेही आहे. पोर्तुगीज महाकवी लुईश द कामोंइशची एक कविता याच ग्रंथात छापली गेली.

क्लूसियस या युरोपीय वनस्पतिज्ञाने १५६७ मध्ये अँटवर्पहून लॅटिन संक्षेप काढला. त्यात संवादांची गंमत गेली, पण युरोपात ग्रंथ पसरला तो या संक्षेपामुळेच.

ऑर्ता १५६८ मध्ये गोव्यात वारला. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाबद्दल शिक्षा करणारे चर्चचे न्यायासन, १५६० पासून सुरू झाले होते. त्याची बहीण कातारीना हिला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५६९ मध्ये जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये ऑर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळली गेली. पणजीतील नगरपालिकेच्या उद्यानाला पुढे पोर्तुगीजांनी त्याचेच नाव दिले.